लोकवर्गणीतून चौकातलं घड्याळ: ठरावापासून किल्लीपर्यंत

चौकातलं बंद घड्याळ कधी पाहिलंच नाही असा माणूस मराठवाड्यात सापडायचा नाही. काटे कुठल्या तरी सव्वाचारला अडकलेले, तबकडीवर कबुतरांची घाण, आणि खाली देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र चकचकीत. छत्रपती संभाजीनगरातला शहागंजचा निजामकालीन घड्याळ मनोरासुद्धा बरीच वर्षं मुका उभा होता. स्मार्ट सिटीच्या पैशातून अलीकडे त्याची डागडुजी झाली. तालुक्याच्या गावाला तसा पैसा मिळत नाही, तिथं लोकवर्गणीच करावी लागते. आणि ती फक्त घड्याळ विकत घेण्यापुरती केली, तर पहिली बॅटरी मेली की घड्याळही मरतं.

म्हणून पहिल्या बैठकीतच एक गोष्ट लिहून घ्या: जमणाऱ्या दर तीन रुपयांतला एक रुपया मुदत ठेवीत जाईल. तो मोडायचा नाही, फक्त त्याचं व्याज खर्चायचं. वर्गणी मागतानाच हे सांगायचं. काम झाल्यावर सांगितलं तर "दोन लाख उरवले कुणासाठी?" असा बोभाटा होतो आणि त्याला उत्तर राहत नाही.

"मोबाइल असताना घड्याळ कशाला?" हे प्रत्येक दुसऱ्या दुकानात ऐकावं लागेल. वाद घालू नका. एसटीची वाट बघणारी म्हातारी आणि दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या असलेला माणूस खिशातला मोबाइल काढत बसत नाही, एवढं सांगून पुढच्या दुकानात जा. दुसऱ्या फेरीत त्याच दुकानदाराला शेजाऱ्याची पावती दाखवली की काम होतं.

जागा आणि ठराव

पावती पुस्तक छापण्याआधी जागेचा मालक शोधा. चौक नगर परिषदेचाच असतो असं लोक धरून चालतात, पण तालुक्याच्या गावातला मुख्य चौक बऱ्याचदा राज्य मार्गावर असतो आणि तिथं सार्वजनिक बांधकाम विभागाची संमती लागते. स्टँडसमोरची जागा एसटी महामंडळाची असू शकते, मोंढ्याच्या दारातली बाजार समितीची. सिटी सर्व्हेचा उतारा काढला की वाद मिटतो. छोट्या गावात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, म्हणजे मिळकतींची नोंदवही, बघा.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या आदेशामुळे रस्त्यावर, पदपथावर आणि सार्वजनिक वापराच्या जागेवर पुतळा किंवा बांधकाम उभारायला परवानगी देता येत नाही. पथदिवे, वाहतूक, सुशोभीकरण आणि लोकांच्या सोयीची कामं यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे अर्जात 'सार्वजनिक सोयीचे घड्याळ' असे शब्द वापरा आणि घड्याळाच्या खांबाला अर्धपुतळा, कमान, छत्री असलं काही जोडू नका. एकदा पुतळा आला की फाइल दुसऱ्याच टेबलावर जाते आणि तिथून परत येत नाही. चौकाच्या नावाचा वाद चालू असेल तर घड्याळ त्या चौकात नकोच.

सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ जागा म्हणजे आधीच उभी असलेली इमारत: नगर परिषद, वाचनालय, शाळा, भाजी मंडईची कमान. पाया वाचतो, वीज जवळ असते आणि शिडी आतून लावता येते. इमारत सोयीची नसेल तर लोखंडी खांबावरचं चार तोंडांचं घड्याळ. नवा आरसीसी मनोरा हा तिसरा पर्याय, आणि आमच्या मते वर्गणीच्या पैशात तो करूच नये. मनोऱ्यातच पैसे संपतात आणि घड्याळ हलकं घेतलं जातं.

परवानगीचा ठराव सर्वसाधारण सभेत घ्या, मुख्याधिकाऱ्यांच्या तोंडी 'हो'वर राहू नका. ठरावात या गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात: घड्याळ बसल्यावर मालकी कोणाची, वीजबिल कोण भरणार, देखभाल कोण करणार, किल्ल्या किती आणि कोणाकडे, रस्ता रुंदीकरणात काढावं लागलं तर पुन्हा कुठं बसणार आणि तो खर्च कोणाचा. आणखी एक ओळ अवश्य घाला, की खांबावर आणि तबकडीच्या समोर कुठलाही फलक लावता येणार नाही. ही ओळ नसेल तर पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स घड्याळाच्या छातीवर येतो, आणि तो काढायला सांगायची हिंमत गावात कोणाची नसते. सोयीची वाटणी बहुधा अशी ठरते: मालकी आणि वीज नगर परिषदेची, देखभाल ठेवीच्या व्याजातून समितीची.

हिशेबाची मांडणी

खालचे आकडे मांडणी समजण्यापुरते आहेत. तीन ठिकाणची कोटेशनं आली, त्यात जीएसटी, वाहतूक आणि बसवण्याची मजुरी धरली आहे का ते तपासलं, की आपले आकडे घाला.

समजा एकूण उद्दिष्ट ६,००,००० रुपये. त्यात चार तबकड्या, मशीन आणि नियंत्रक मिळून २,१०,०००. खांब आणि पाया १,२०,०००. वायरिंग, अर्थिंग आणि वीजरोधक ४०,०००. नावांची पाटी, पावती पुस्तकं आणि किरकोळ ३०,०००. हे झाले ४ लाख. उरलेले २ लाख ठेव. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला १३,००० रुपये मिळतात. घड्याळजीला महिन्याला ५०० प्रमाणे ६,०००, बॅटरीसाठी बाजूला २,५००, वर्षातून दोनदा धुण्या-पुसण्याला २,००० असा खर्च धरला तर अडीच हजार हाताशी राहतात. व्याजात खर्च बसत नसेल तर तबकडी लहान करा, ठेव लहान करू नका.

एकच मोठा देणगीदार मिळाला तर काम झटपट होतं. मुंबईच्या राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं, ते आजही आहे. पण गावात एकाच घराचं नाव लागलं की बाकीचे म्हणतात, "त्यांचं घड्याळ आहे, त्यांनी बघावं." बिघडल्यावर हे वाक्य महागात पडतं. उलट टोक म्हणजे अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड: माणशी एक पैसा मागायचा. तळेगावचा काच कारखाना त्यातून उभा राहिला. आपल्याला या दोन्हींच्या मधली वाट हवी, आणि ती घड्याळाच्या तबकडीवरच आखलेली असते.

तबकडीवर साठ रेघा असतात. त्यातल्या १२ जाड, तासांच्या. उरतात ४८ बारीक, मिनिटांच्या. एक बारीक रेघ एका कुटुंबाची, ६,००० रुपये: ४८ रेघांचे २,८८,०००. एक जाड रेघ १६,०००: बारांचे १,९२,०००. ही देणगी व्यापारी, डॉक्टर, पतसंस्था, माजी विद्यार्थ्यांची एखादी बॅच यांच्याकडून येते. बाकी १,२०,००० शंभर-शंभरच्या १,२०० पावत्यांतून. बेरीज बरोबर ६ लाख. नावं तबकडीवर नाहीत, खालच्या ग्रॅनाइटच्या पाटीवर गोलात, ज्याची त्याची रेघ असते त्याच जागी. शंभरवाल्यांची नावं एका वहीत लिहून ती वही वाचनालयात ठेवायची.

सगळ्यांना बाराचा आकडा हवा असतो, सहाचा कोणालाच नको. बोली लावू नका, चिठ्ठ्या टाका. बोलीत दोन हजार जास्त मिळतात आणि दोन घरं कायमची दुरावतात. सहा हजार एकदम देणं जड जात असेल तर महिना हजाराचे सहा हप्ते घ्या, पण पाटीवर नाव सहावा हप्ता आल्यावरच कोरायला द्या.

वर्गणीला निघायचं कधी

जून-जुलैत पेरणी, शेतकऱ्याच्या हातातला पैसा बी-खतात गेलेला. भाद्रपदात गणपतीच्या पावत्यांनी दुकानदार वैतागलेला, लगेच नवरात्राच्या पावत्या. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोंढ्यात येतं, कापूस त्यामागून, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणून दिवाळीनंतर सुरुवात करून होळीच्या आत हात मोकळे करा. सोयाबीनचा भाव पडलेला असेल तर गावातल्या फेऱ्या तुरीपर्यंत थांबवा आणि तोवर बाहेरगावी गेलेल्यांना गाठा. पुण्याला, मुंबईला नोकरीवर असलेली पोरं दिवाळीत घरी येतात, तेव्हा चार दिवसांत गावच्या महिन्याइतकं काम होतं.

फेरीला तिघंजण हवेत: एक त्या गल्लीतला, एक हिशेब लिहिणारा, एक बोलणारा. आठवडी बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याकडे जाऊ नका, गिऱ्हाईक सोडून तो तुमच्याशी बोलणार नाही. आडत्यांकडे दुपारी सौदे आटोपल्यावर, सराफांकडे सकाळी दुकान उघडल्यावर तासाभराने. हमाल, भाजीवाल्या, रिक्षावाले यांच्याकडे शंभरची पावती घेऊन आधी जा, शेवटी नाही. त्यांच्या पावत्यांची थप्पी दाखवली की मोठ्या दुकानाला दोनशेवर बोळवण करणं अवघड जातं. मशिदीच्या, मंदिराच्या, विहाराच्या विश्वस्तांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या. गावातली एक आळी बाहेर राहिली तर ते घड्याळ गावाचं होत नाही.

कायदा आणि पावती

समिती नोंदणीकृत न्यास नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली वर्गणीची परवानगी घ्या. गणेश मंडळं घेतात तीच ही. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा, मुदत संपण्याआधी वर्गणी आटोपायची आणि नंतर हिशेब द्यायचा. त्याहून सोपा रस्ता म्हणजे गावात आधीच नोंदणी असलेली संस्था, वाचनालय किंवा व्यापाऱ्यांची संस्था, पुढे करणं. मात्र तिच्या घटनेतल्या उद्देशांत लोकोपयोगी काम बसतं का ते आधी वाचा. मुदत ठेव वर्षानुवर्षं कोणाच्या नावावर राहणार, हा प्रश्नही अशा संस्थेमुळे सुटतो.

पैशाबद्दल चार गोष्टी पाठ करून ठेवा. लोक ज्याला ८० जी म्हणतात ती आयकराची सवलत, तशी नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते, आणि रोख २,००० रुपयांच्या वर दिलेल्या देणगीवर ती मिळत नाही. कोणा एकाकडून एका दिवसात २ लाख किंवा अधिक रोख घेणं कायद्यात बसत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेला आपला गाववाला कायद्याच्या नजरेत परदेशी स्रोत असतो, परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसेल तर त्याचे पैसे परत पाठवा. भारतीय पासपोर्टवर दुबईत काम करणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले चालतात.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. "तात्पुरता खजिनदाराच्या फोनवर घ्या" इथंच निम्म्या समित्यांचं नाक कापलं जातं: त्याच्या घरखर्चात आणि वर्गणीत फरक करता येत नाही, आणि आयकराचं विचारणं त्याच्या दारात येतं. खात्यावर तीन सह्या, त्यातल्या कोणत्याही दोन चालतील अशी सोय करा. तिघांपैकी दोघं एकाच घरातले नकोत.

पावती पुस्तक ५० पानी, दोन प्रतींचं, पुस्तक क्रमांक आणि पावती क्रमांक छापलेलं. कोणतं पुस्तक कोणाला कधी दिलं आणि कधी परत आलं, याचं वेगळं रजिस्टर. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही, दोन्ही प्रतींवर आडवी रेघ मारून पुस्तकातच ठेवायची. पुस्तक हरवलं तर त्याच संध्याकाळी त्याचे क्रमांक चौकात लिहून लावायचे, झाकपाक केली की अफवा लाखाची होते. रोजची रोकड दुसऱ्या दिवशी बँकेत. खर्च रोख वर्गणीतून परस्पर करायचा नाही, तो खात्यातूनच. आणि दर सोमवारी ठरलेल्या एका भिंतीवर खडूने तीन ओळी: आतापर्यंत जमा, आतापर्यंत खर्च, बँकेत शिल्लक. छापील अहवालापेक्षा या तीन ओळींनी जास्त पैसे येतात.

घड्याळ निवडताना

तबकडीचा जुना ठोकताळा असा: जमिनीपासून दर दहा फुटांना एक फूट व्यास. तीस फुटांवर बसणार असेल तर किमान तीन फूट, चार फूट असेल तर उत्तम. पंधरा-सोळा फुटांच्या खांबाला दीड फूट हिशेबात बसते, पण चौक मोठा असेल तर ती दुरून बशीएवढी दिसते, तीन फूट घ्या. पांढरी तबकडी, काळे काटे. सोनेरी काटे फक्त फोटोत छान दिसतात. मिनिटकाटा रेघांना टेकेल इतका लांब, तासकाटा आकड्यांच्या पायथ्यापर्यंत. दोन्हींची लांबी जवळपास सारखी असली की दुरून पावणेतीन आणि सव्वानऊ यांत घोळ होतो. सेकंदकाटा नको. आकडे देवनागरी करायचे असतील तर जरूर करा, पण ५ आणि ६ जाड ठशात आणि सरळ उभे ठेवा, वर्तुळाबरोबर फिरवू नका. तबकडीचं ॲक्रिलिक उन्हाला टिकणारं, यूव्ही संरक्षण असलेलं मागा. साधं असेल तर आपल्याकडच्या उन्हात लवकर पिवळं पडतं.

चार तोंडं म्हणजे चार वेगळी सेलवरची घड्याळं नव्हेत. साधं क्वार्ट्झ मशीन महिन्याला पंधरा-वीस सेकंद इकडे-तिकडे होतं, चारही आपापल्या दिशेने सरकतात आणि वर्षाच्या आत बँकेकडच्या तोंडात आणि मोंढ्याकडच्या तोंडात मिनिटांचा फरक पडतो. विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी मोटरही नको, लाइट गेली की ती थांबते. हवा असतो एक मुख्य नियंत्रक, लोक त्याला मास्टर म्हणतात, जो उपग्रहावरून जीपीएसची वेळ घेतो आणि चारही मशीनना एकाच वेळी विजेचा ठोका देतो, बहुधा २४ व्होल्टचा, मिनिटाला एक.

विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: काटा अडकला तर मशीनला ते कळतं का? साधं मशीन फक्त ठोके मोजतं. कबूतर काट्यावर बसलं आणि तीन ठोके वाया गेले की ते तोंड तीन मिनिटं मागे राहतं, आणि मास्टरला मात्र सगळं ठीकच वाटतं. काट्याची जागा ओळखणारा सेन्सर असलेलं मशीन महाग असतं, पण ते स्वतःला दुरुस्त करतं. चार पैसे जास्त घालायचे तर इथं घाला.

टोल हवे असतील तर ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवण्याची सोय घ्या. दवाखाना, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल तर टोल नकोतच.

पैसे एकदम देऊ नका. ऑर्डरला ४० टक्के, कारखान्यात घड्याळ चालू स्थितीत बघून ४० टक्के, बसवल्यावर १०, आणि शेवटचे १० टक्के तीन महिन्यांनी, ज्यात निदान एक महिना पावसाचा हवा. कारखान्यात बघायचं ते असं: सात दिवस सलग चालवलेलं असावं, तुमच्या समोर वीज काढून दुसऱ्या दिवशी लावावी, काटे हात न लावता खऱ्या वेळेवर आले पाहिजेत, आणि एक मिनिटकाटा बोटाने अडवून सोडावा, मग काय होतं ते बघावं. ही शेवटची चाचणी विक्रेत्यांना आवडत नाही.

पाया, वीज, आकाशातली वीज

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर टेकवलेला खांब दोन पावसाळ्यांत झुकतो. माती पूर्ण काढून मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फारच खोल असेल तर इंजिनिअर पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर ओतलेला काँक्रीटचा खांब, सुचवेल, तो खर्च वाचवू नका. खड्ड्याभोवती काढलेली काळी माती परत भरायची नाही, तिथं मुरूम भरून ठोकायचा. वर चार फुटांच्या चौकोनी पेटीवर जोराच्या वावधानात दीडशे किलोहून जास्त आडवा दाब येऊ शकतो, त्यामुळे पायातले बोल्ट आणि बेस प्लेट गावातल्या फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असलेलं ड्रॉइंग घ्या. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या मुलखात ही सही मागायला संकोच नसावा.

रस्त्यावर लोंबणारं काही ठेवलं तर साडेपाच मीटर मोकळी उंची हवी. उसाच्या ट्रॉल्या, सरकीचे ट्रक आणि मिरवणुकीतले रथ तिथूनच जातात.

वीज फार लागत नाही. एका तोंडाला २० वॅटचे एलईडी धरले तर चार तोंडांचे ८० वॅट, रात्रीचे बारा तास म्हणजे रोज एक युनिटसुद्धा नाही, महिन्याला तीसच्या आत. दिवे टायमरवर नको, उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर ठेवा. बॅटरीवर फक्त मशीन आणि मास्टर ठेवा, दिवे नाही. १२ व्होल्ट २६ अँपिअर-तासाची एसएमएफ, म्हणजे पाणी घालावं न लागणारी, बॅटरी दहा वॅटच्या यंत्रणेला एक दिवस सहज ओढते. तीच बॅटरी वर पत्र्याच्या पेटीत ठेवली तर मे महिन्यातच तिचं आयुष्य निम्मं होतं. दर दहा अंश जास्त तापमानाला आयुष्य अर्धं, असा हिशेब असतो. ती खाली, सावलीच्या बाजूला, जाळीच्या पेटीत ठेवा.

मेच्या अखेरीस वळवाबरोबर विजा पडू लागतात आणि चौकातला उंच लोखंडी खांब त्यांना आमंत्रणच. खांबाच्या टोकाला वीजरोधक, त्याची पट्टी सरळ स्वतंत्र अर्थिंगच्या खड्ड्यात, वाटेत वळणं कमी. वीजरोधकाच्या अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत, वायरमनने मीटर लावून मोजून लिहून द्यावा. पुरवठ्याच्या आणि जीपीएस अँटेनाच्या दोन्ही वायरींवर सर्ज संरक्षक, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा भाग, हवा. दुसरा हमखास विसरला जातो, आणि मास्टरचं कार्ड जळतं ते त्याच वाटेने.

वेळ चुकीची दिसली तर

घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे, म्हणजे दुपारी बाराला साडेसहा दाखवत असेल, तर बिघाड काहीच नाही. उपग्रहावरून जागतिक वेळ येते, भारताचे साडेपाच तास मास्टरमध्ये भरायचे राहिले.

एकच तोंड नेहमी नेमकं एक मिनिट मागे असेल तर त्याच्या दोन वायरी उलट्या जोडल्या आहेत. ठोका एकदा सुलट, एकदा उलट जातो आणि उलटं जोडलेलं मशीन पहिला ठोका सोडून देतं. वायरी अदलाबदल करा, काटा एक मिनिट पुढे करा, झालं. एक तोंड कधी पाच, कधी सात मिनिटं मागे असेल तर काट्याचा स्क्रू ढिला किंवा पक्षी. मिनिटकाटा चढताना अडखळतो आणि उतरताना ठीक चालतो, तेव्हा काट्याच्या मागचं वजन कमी पडतंय किंवा सुटलंय.

चारही तोंडं एकसारखी पण हळूहळू चुकत असतील तर जीपीएस पकडत नाही आणि मास्टर स्वतःच्या क्वार्ट्झवर चाललाय. अँटेना पत्र्याखाली गेली असेल किंवा शेजारी नवा मजला चढला असेल. सगळंच बंद असेल तर मास्टरला हात लावण्याआधी एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, बघा, मग बॅटरीचे टोक.

काचेत आतून बाष्प धरलं तर पाणी वायरच्या भोकातून शिरतंय. ग्लँड, म्हणजे भोकात वायरभोवती घट्ट बसणारी कडी, नेहमी खालच्या बाजूला, आणि पेटीच्या तळाला निचऱ्याचं बारीक भोक. हवेच्या भोकांना दोन मिलिमीटरची जाळी लावली नाही तर गांधीलमाश्या आत घर करतात, आणि मग मेकॅनिक शिडी चढायला तयार होत नाही.

जुनी माणसं सावली बघून "घड्याळ अर्धा तास पुढे आहे" म्हणतील. त्यांचंही खरं आहे. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि छत्रपती संभाजीनगर साधारण ७५.३ अंशांवर, दर अंशाला चार मिनिटं. तिथं सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून २९ मिनिटं झालेली असतात, नांदेडला सुमारे १२ वाजून २१. घड्याळाला हात लावायचं कारण नाही.

बसल्यावर

लोकार्पणाची तारीख चाचणी संपल्यावर ठरवा. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, १७ सप्टेंबर, सगळ्यांनाच हवा असतो, पण तो भर पावसातला. तेव्हा लोकार्पण करायचं तर घड्याळ मेमध्येच बसवा, म्हणजे पहिला पाऊस पाहुण्यांच्या आधी येऊन जाईल.

देखभालीला चौकाजवळचा घड्याळजी नेमा, महिन्याला पंधरा मिनिटांचं काम असतं. चारही तोंडं मोबाइलच्या वेळेशी ताडायची, वहीत चार आकडे लिहायचे, जाळ्या बघायच्या. मृग निघायच्या आधी रबर पट्ट्या, ग्लँड आणि अर्थिंग. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला एक बादली पाणी. दिवाळीत तबकड्या ओल्या मऊ फडक्याने पुसायच्या, थिनर किंवा फिनाइल लागलं की ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. एसएमएफ बॅटरी मेली नसली तरी तिसऱ्या वर्षी बदला.

घड्याळ बंद पडलंच तर काटे बारावर आणून ठेवा आणि खाली पाटी लावा: काय बिघडलं, कोण दुरुस्त करणार, कोणत्या तारखेपर्यंत. चुकीची वेळ दाखवत सोडलेल्या घड्याळाकडे लोक आठवड्यात बघायचं सोडतात आणि पुढची वर्गणी मागायची सोय राहत नाही. किल्ल्या दोन: एक नगर परिषदेच्या विद्युत विभागात, दुसरी घड्याळजीच्या दुकानात, आणि कोणी कधी नेली हे लिहायची वही किल्लीलाच दोरीने बांधलेली.